बंब तापेपर्यंत

डिसेंबरातला सोमवार. सकाळी पावणेआठला साताऱ्यातल्या शाहूपुरीतून निघाले तेव्हा गाडीच्या पडद्यावर बाहेरचं तापमान ११ अंश दिसत होतं. पोवई नाक्यापलीकडे माझं ऑफिस, घरापासून चार-साडेचार किलोमीटर. तिथे गाडी लावली आणि पडद्यावर त्या फेरीचा हिशोब उमटला: लिटरला १३.८ किलोमीटर. हाच रस्ता, हीच गाडी, मार्चमध्ये मला २३ देत होती.

गाडी हायब्रिड आहे. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही एकाच संसारात. घेताना मी खूप विचार केला होता, चार पैसे जास्त मोजले होते. म्हणून तो आकडा दिवसभर डोक्यातून जाईना. संध्याकाळी आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. खंबाटकी, पसरणी, केळघर हे घाट त्यांच्या हातापायांत आहेत. डेपोत कुठल्या चालकानं किती डिझेल जाळलं याचा हिशोब लागायचा आणि आबांचा आकडा चांगला असायचा, याचा त्यांना आजही अभिमान आहे. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"गाडी तापली व्हती का?"

"चार किलोमीटरला काय तापणार, आबा?"

"मंग पेट्रोल तापवण्यातच गेलं की. बंब तापेपत्तोर घागरभर बी ऊन पाणी मिळतं का? शेणकुटं मात्र पैल्या घडीपास्नं जळत्यात."

आमच्या गावाकडच्या घरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत तुरकाट्या आणि शेणकुटं घालायची, खालच्या जाळीतून राख पडायची, बाजूच्या तोटीतून पाणी यायचं. पहाटे आजी जाळ घाली. पहिला अर्धा तास नुसता धूर. एकदा बंब तापला की मात्र तिचा आवाज घरभर फिरायचा, "न्हाऊन घ्या रं सगळी, बंब निवायच्या आत." एकामागून एक आंघोळी उरकायच्या. कुणी मागे राहिलं आणि पाणी निवलं, तर त्या एकट्यासाठी पुन्हा जाळ घालणं आजीला सहन व्हायचं नाही. हायब्रिड गाडी थंडीत कशी चालवायची, यावर मी त्या हिवाळ्यात पुष्कळ वाचलं आणि पुष्कळ करूनही पाहिलं. शेवटी सगळं त्या बंबापाशीच येऊन ठेपलं.

हायब्रिडची सगळी कमाई इंजिन बंद ठेवण्यात आहे. सिग्नलला बंद, उताराला बंद, गल्लीत सावकाश जाताना बंद. तेवढा वेळ मोटर गाडी ओढते. पण इंजिन थंड असलं की गाडीचा संगणक ते बंद होऊ देत नाही. त्याला दोन गोष्टी तापवायच्या असतात. एक म्हणजे इंजिनाभोवती फिरणारं पाणी, म्हणजे कूलंट. दुसरी, सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, जो धुरातले विषारी वायू कमी करतो. हा कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणून सकाळी गाडी सुरू केली की काही सेकंदांत इंजिन आपोआप घुरघुरू लागतं, बॅटरी भरलेली असली तरीही. ईव्ही मोडचं, म्हणजे नुसत्या विजेवर चालवायचं, बटण दाबलं तर आत्ता मिळणार नाही असा संदेश येतो. सुरुवातीला मला वाटायचं काहीतरी बिघडलंय. बिघडलं काहीच नव्हतं; आजी बंबाला जाळ घालत होती आणि मी तोटी सोडून बसले होते.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे आकडे वाचल्यावर तर हे पक्कंच झालं. २५ अंशांऐवजी उणे ७ अंश तापमान असलं, तर साध्या पेट्रोल गाडीचं शहरातलं मायलेज सुमारे १५ टक्के घटतं आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. हायब्रिडची घट मात्र ३० ते ३४ टक्के. साताऱ्यात उणे ७ कधीच होत नाही, आपली थंडी त्यामानाने मायाळू. पण हायब्रिडला जास्त फटका का, हे समजणं महत्त्वाचं. साधी गाडी बाराही महिने सिग्नलला पेट्रोल जाळतच असते, थंडीत त्यात थोडी भर पडते. हायब्रिड काटकसरीनं जगणारी. पैसा-पैसा वाचवून संसार करणाऱ्या माणसाला महागाईची झळ आधी लागते, तसं तिचं होतं.

ज्यांनी ही गाडी जगाला दिली त्यांनाही हे कोडं पडलं होतं. टोयोटाची प्रियस ही हायब्रिड जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीला आली. २००३ साली तिची दुसरी पिढी आली, तेव्हा उत्तर अमेरिकेत विकायच्या गाड्यांत एक थर्मासच बसवलेला होता. गाडी बंद केली की सुमारे तीन लिटर गरम कूलंट त्यात भरून राहायचं, ते तीन दिवसांपर्यंत ऊब धरायचं आणि पुन्हा सुरू करताना ते इंजिनात सोडलं जायचं. २००९ च्या तिसऱ्या पिढीत सायलेन्सरवाटे वाया जाणारी उष्णता कूलंटकडे वळवायची सोय केली. आबांना थर्मासचं सांगितलं तर ते कितीतरी वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "डोकं हाय." त्यांच्याकडून एवढं कौतुक मी फार थोड्यांचं ऐकलंय.

माझ्या गाडीत थर्मास नाही. मग मी आजीचं ऐकायला लागले.

पूर्वी सकाळी ऑफिस, दुपारी आबांचं औषध आणणं, संध्याकाळी राजवाड्याकडे भाजी, पुन्हा रात्री क्लासवरून मुलाला आणणं, अशा माझ्या चार वेगवेगळ्या थंड फेऱ्या व्हायच्या. म्हणजे चार वेळा बंब पेटवायचा आणि प्रत्येक वेळी एकच तांब्या पाणी घ्यायचं. आता मी संध्याकाळच्या कामांची माळ ओवते. ऑफिसमधून निघून आधी सगळ्यात लांबचं काम, गोडोलीकडचं. तिथे पोचेपर्यंत इंजिन पुरतं तापतं. मग परतीच्या वाटेवर भाजी, क्लास. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं थांबले तरी इंजिन निवत नाही, आणि मोती चौकातल्या गर्दीतून गाडी आवाज न करता विजेवर सरकते. जवळची कामं आधी आणि लांबचं शेवटी, असं एकदा करून पाहिलं. तेवढ्याच किलोमीटरला पेट्रोल जास्त गेलं. आणि दुपारचं औषध? त्यासाठी मी चालत जाते. दुकान आठशे मीटरवर आहे.

उभ्या गाडीत इंजिन तापवत बसायचं नाही, हेही शिकले. आमच्या कॉलनीत थंडीत बरेच जण पाच-पाच मिनिटं गाडी सुरू करून ठेवतात. उभी गाडी तापते हळू, आणि तेवढा वेळ मायलेज शून्य. सुरू करावी, काचा पुसून होईतो थांबावं आणि निघावं, पण पहिले दोन-तीन किलोमीटर पायाखाली अंडं असल्यासारखं चालवावं. आबांचं वाक्य याहून ठसठशीत: "थंड्या इंजिनाला मारायचं न्हाय. त्याला बी सांधं हायती." यवतेश्वरचा घाट गावाला लागूनच सुरू होतो. कासला जाताना थंड इंजिनानं एकदम चढाला लागावं लागतं. त्या दिवशी मी मुद्दाम गावात एक वळसा घालून समर्थ मंदिराच्या बाजूनं वर जाते. त्या वळशाला लागलेलं पेट्रोल भरून निघतं की नाही याची माझ्याकडे मोजणी नाही. इंजिनाच्या आवाजातला फरक मात्र ऐकू येतो.

चाकातल्या हवेची गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. मे महिन्यातल्या दुपारी, ३८ अंशात, मी ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून घेतले होते. नंतर दरमहा बघायचं राहून गेलं. डिसेंबरात सकाळी घरच्या छोट्या गेजनं पाहिलं तर २८. थोडी हवा झिरपली असेल, पण बाकीचं काम थंडीचं. तापमान पाच-साडेपाच अंश उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो, आणि मेच्या दुपारीपासून डिसेंबरच्या सकाळीपर्यंत पंचवीस-सव्वीस अंशांचा फरक. मऊ टायर म्हणजे चिखलातून सायकल ओढणं. हवा पहाटेच, गाडी हलवायच्या आधी मोजायची आणि दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेली भरायची. पंपावर जाईपर्यंत टायर तापतात आणि गेज चढा आकडा दाखवतं, म्हणून गेज घरी हवं. दोनेकशे रुपयांची वस्तू आहे, जरूर घ्यावी.

ऑइलबाबतही एक अनुभव आला. एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा "आपल्याकडच्या उन्हाला जाड ऑइलच बरं" म्हणून पुस्तिकेत लिहिलेल्यापेक्षा जाड ऑइल घातलं गेलं. मी बिल नीट वाचलं नाही. हायब्रिडला बहुधा ० डब्ल्यू-२० किंवा ० डब्ल्यू-१६ असं पातळ ऑइल सांगितलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते थंडीत सहज वाहतं. ज्या इंजिनाला दिवसात वीस वेळा बंद-चालू व्हायचंय, त्याला मधासारखं घट्ट ऑइल घालणं चूक आहे. पुढच्या वेळी मी समोर उभी राहून डबा पाहिला.

थंडी आणि उसाचा हंगाम आपल्याकडे एकत्रच येतात. कोरेगाव-रहिमतपूर रस्त्याला डिसेंबरात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे लोंबणारी वाढं, आणि त्यांच्यामागे वीसच्या वेगानं आपण. साध्या गाडीला हा जाच. हायब्रिड तापलेली असेल तर तिला ही चाल मानवते, मैलभर ती विजेवर रांगते. मला त्या ट्रॉल्यांचा राग येत नाही; त्याच उसाचा अंश माझ्या टाकीत आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, आणि ते मोठ्या प्रमाणावर आपल्या साखर कारखान्यांतून जातं. शेतकऱ्याच्या पैशाला त्यानं आधार मिळतो, ही गोष्ट मला मोलाची वाटते. पण हिशोब हिशोबाच्या जागी. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे वीस टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणून थंड इंजिनात ते नाखुशीनं पेट घेतं. थंडीतल्या पहिल्या किलोमीटरांचा खर्च समजून घेताना हे ध्यानात ठेवायला हवं.

आता जे सांगायचं ते हीटरचं.

जानेवारीत आबांना घेऊन महाबळेश्वरला गेले. वेण्णा तलावाच्या अंगाला माझी आत्या राहते, तिचा स्ट्रॉबेरीचा मळा आहे. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. म्हणजे मेढ्यावरून केळघर घाटानं गाडी साडेसहाशे मीटर वर चढते. दुपारी निघालो. चढाला इंजिन सारखं चालू, मायलेज १५ वर आलं, पण आत छान ऊब होती. गाडीतला हीटर म्हणजे इंजिनाच्या तापलेल्या कूलंटवरून आत सोडलेली हवा. चढताना इंजिन तापतंच. ती उष्णता नाहीतर रेडिएटरमधून बाहेरच जाणार. ती आत घेतली तर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत निघालो. मळ्यातल्या पानांवर दव गोठून पांढरं झालं होतं, पडद्यावर ५ अंश. आता सगळा उतार. मी मनात मांडणी करून ठेवली होती: उताराला इंजिनाची गरजच नाही, गाडी मोटरवर उतरेल, ब्रेक दाबला की बॅटरी भरेल. पण इंजिन बंद होईना. थंड होतं, आणि मी हीटर २६ वर ठेवला होता. गाडी मागत होती फक्त ऊब, आणि त्या उबेसाठी पेट्रोल जाळत होती. उताराला हीटर फुकट नसतो. हे लक्षात आल्यावर मला शोध लागल्यासारखा आनंद झाला. मी हीटर बंद केला. थोड्या वेळात इंजिन गप्प. पडद्यावरचा आकडा वर वर चढू लागला, ४०, ५०, ७०, मग ९९.९ वर जाऊन टेकला. त्यापुढे तो पडदा मोजत नाही.

घाटात बॅटरी लगेच भरली, हेही तेव्हाच कळलं. साडेसहाशे मीटर उतरणाऱ्या गाडीची शक्ती दोन युनिट विजेहून जास्त भरते, आणि अशा हायब्रिडची बॅटरी युनिटभराचीही नसते. ती भरली की उरलेलं ओझं इंजिन ब्रेकवर. मी गिअरचा दांडा बी वर, म्हणजे इंजिन ब्रेकच्या खाचेत टाकला. आबांनी मान हलवली. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणाऱ्यांची ते आजही कानउघाडणी करतात, आणि हायब्रिडमध्ये तर न्यूट्रलला बॅटरीही भरत नाही. वळण आलं की त्यांचा डावा पाय खाली दबायचा, तिथे नसलेल्या क्लचवर. मी बोलत होते, आकडे सांगत होते. ते हूं हूं करत होते.

केळघरला चहाला थांबलो. आबांनी ग्लास हातात घेतला आणि चहा सांडला. बोटं वळत नव्हती. नखं निळसर पडली होती. घाटभर ते दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते आणि मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

"आबा, सांगायचं की."

"तुजा आकडा चांगला चालला व्हता," ते म्हणाले.

एकतीस वर्षं ज्यानं हिशोब राखला, त्याला माझ्या हिशोबाची किंमत कळत होती. माझं मला तिथे उभं राहवेना. मी त्यांचे हात माझ्या हातांत धरून बसले, दुसरा चहा येईपर्यंत. तिथून साताऱ्यापर्यंत हीटर चालू ठेवला. घरी पोचलो तेव्हा उतरतीची सरासरी ३१ होती.

त्यानंतर मी बऱ्याच गोष्टी बदलल्या. थंड गावाहून उतरायचं असेल तर दहाच्या आत निघत नाही. गाडी आदल्या रात्री अशी लावते की सकाळचं ऊन बोनेटवर आणि पुढच्या काचेवर पडेल. सुरुवातीला इंजिन तसंही तापवण्यासाठी चालूच असतं. आधी ते जरा तापू द्यायचं, मग पंखा हळू सोडायचा, कारण थंड इंजिनावर हीटरचा पंखा जोरात लावला तर तो त्याचीच उष्णता पळवतो आणि बंब तापायला अजून उशीर. मग २२ अंश. २६ आणि २२ मध्ये गाडीच्या वागण्यात पुष्कळ फरक पडतो. २२ ला इंजिन मधूनमधून थोडं चालतं आणि पुन्हा विसावतं. इको मोड टाकला की हीटर आणखी समजूतीनं घेतो. उरलेल्या थंडीला घोंगडी आहे. माण तालुक्यातली, काळी, आबांनीच पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली. ती गुडघ्यांवर टाकली की त्यांना पुरे होतं. एकच सांभाळायचं: मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असते, घोंगडी तिच्यावर पडू द्यायची नाही. बॅटरीही आतल्याच हवेवर जगते. आत माणसांना बरं वाटेल इतकी ऊब असली की तिलाही बरं वाटतं.

आणि काचेवर धुकं साचलं तर मायलेजचा विचार त्या क्षणी सोडून द्यायचा. पुढच्या काचेचं बटण दाबायचं, एसी चालू, हवा बाहेरची. इंजिन चालू राहिलं तर राहू दे. घाटात दिसणं आधी.

महामार्गावर मी आता हिवाळ्यात ऐंशीच्या वर जात नाही. थंड हवा दाट असते. मेच्या दुपारच्या मानानं डिसेंबरच्या सकाळी नऊ टक्क्यांच्या आसपास दाट, आणि गाडीला तेवढा जास्त विरोध. आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत माझ्या पुढे शंभर गाड्या जातात. जाऊ देत.

गेल्या आठवड्यात पुन्हा आत्याकडे जाऊन आलो. मी गाडीत एक वही ठेवलीय, आबांच्या सवयीची. उतरून झालं की ते विचारतात आणि मी लिहिते. या वेळी म्हणाले, तू चालव, लिहितो मी. कन्हेर धरणाच्या पाण्यावर ऊन आलं होतं तेव्हा त्यांनी वही मांडीवरच्या घोंगडीवर ठेवली आणि डेपोतल्या त्यांच्या जुन्या गोल अक्षरात लिहिलं: महाबळेश्वर ते सातारा, मेढामार्गे. निघणे १०.१०. बाहेर १४. हीटर २२. सरासरी ३२.६. खाली एक रेघ मारून त्यांनी सही केली आणि पेन मला परत दिलं. हात ऊन होता.